बाळाची पापणी

घोडेगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव असला म्हणजे डोळ्यांची उघडझाप न करणारा माणूस सापडणे कठीण. गोणी उपडी होते, टरफले उडतात, धूळ उठते आणि वर कांद्याचा उग्र दर्प. आम्ही हमालांच्या संघटनेचे काम करतो. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते वाचनालयातले आणि माणसांतले. अशा माणसाने तान्ह्या मुलांच्या पापण्यांवर का बोलावे, असे श्रोत्यांच्या मनात येईल. त्याचे कारण असे की, मजुरीची तक्रार सांगून हमाल निघून जातो, पण त्याची बायको मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "दादा, हा सारखा डोळे मिचकावतो, काही असंल का हो?" या प्रश्नाला आम्ही एकदा फार बेफिकीर उत्तर दिले होते. ती हकिकत पुढे येईल.

आधी पापणीचे काम समजून घेऊ. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारे नसण्याची रीत प्रसिद्ध आहे; पण डोळ्याला दारावाचून चालत नाही. बुबुळावर पाण्याचा एक अतिशय पातळ थर असतो, आणि ते पाणी लगेच सुकू नये म्हणून त्यावर तेलकट साय असते. पापणी मिटते तेव्हा हा थर सारखा पसरतो, कचरा कोपऱ्याकडे लोटला जातो. मोठे माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववते आणि त्याला त्याची खबरही नसते. आपल्या पूर्वजांनी मात्र ती ठेवली होती. 'निमिष' हे काळाचे मापच त्यांनी पापणीवरून केले. दमयंतीच्या स्वयंवरात पाच नळ उभे राहिले, तेव्हा ज्यांची पापणी लवत नाही ते देव आणि ज्याची लवते तो माणूस, हे तिने ओळखले.

या कसोटीने पाहिले तर नवजात बाळ देवांच्या जवळचे. ते मिनिटाला दोन-चार वेळाच पापणी हलवते, कधी त्याहूनही कमी. टक लावून पाहणारे मूल पाहून नवी आई घाबरते, घाबरू नये. वय वाढेल तशी ही गती वाढत जाते आणि मोठ्या माणसाच्या गतीला पोहोचायला बरीच वर्षे लागतात. दुसरी भीती अशी, की डोळ्यांपुढे हात नेला तरी बाळ पापणी मिटत नाही, म्हणजे त्याला दिसत नाही की काय? डोळ्यांवर काही चालून येते आहे हे कळून पापणी मिटणे ही शिकण्याची गोष्ट आहे; ती दोन ते चार महिन्यांत येते. झगझगीत उजेड पडला किंवा भांडे पडून आवाज झाला तर मात्र बाळ जन्मापासूनच डोळे मिटते.

आता उलट तक्रार, म्हणजे पापण्या फार मिटण्याची. बहुतेक वेळा कारण साधे असते. डोळ्यांतून नाकाकडे पाणी नेणारी नळी कित्येक बाळांत जन्मतः पुरती उघडलेली नसते. मग डोळा पाणावतो, सकाळी चिकटतो. बहुतेकांची ती वर्षाच्या आत आपोआप मोकळी होते; डॉक्टर नाकाच्या मुळाशी बोटाने चोळण्याची रीत दाखवतात, ती स्वच्छ हाताने करावी. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच पापण्या सुजून पू वाहू लागला तर मात्र वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. क्वचित पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात. काजळाविषयी आजीबाईंशी भांडायची आमची छाती नाही. पण काजळात कधी कधी शिसे असते आणि बोटाला घाण असतेच. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती कानामागे किंवा तळपायाला लावावी. दृष्टीला ती तेथेही चालत असावी.

धूर आणि धूळ हे आमच्या भागातले मोठे कारण. हंगामात ऊसतोडणीची कुटुंबे येतात, कोपीत चूल पेटते आणि चुलीशेजारीच झोळी बांधलेली असते. कांदा निवडणाऱ्या बाईचे मूल ढिगापासून चार हातांवर गोणपाटावर निजलेले असते. कांदा चिरला किंवा चेंगरला की त्यातून एक वायू निघतो. तो डोळ्यांच्या पाण्यात मिसळून झोंबतो. मोठा माणूस उठून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जातो; तान्ह्या मुलाने जायचे कोठे? ते डोळे मिचकावते आणि रडते. १९४८ च्या कारखाने कायद्याने बायकांच्या मुलांसाठी पाळणाघराचा विचार केला, १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला संरक्षण दिले. पण ढिगाशेजारच्या गोणपाटापर्यंत यांतले फारसे काही पोचले नाही.

आता ज्या दोन गोष्टींसाठी आम्ही हा विषय घेतला त्यांकडे येतो.

पहिली डोळ्यांची. "काय टपोरे डोळे आहेत!" असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते कौतुक खरेच असते. पण डोळ्यांच्या आत जे पाणी सतत तयार होत असते ते बाहेर जाण्याची वाट काही बाळांत जन्मतःच नीट घडलेली नसते. चारी तुंबली म्हणजे पाटाचे पाणी बांधाला रेटते, तसा आतून दाब वाढतो. बाळाचा डोळा कोवळा, म्हणून तो ताणून मोठा होत जातो. बुबुळ धुरकट, निळसर दिसू लागते. उजेड सोसत नाही, म्हणून मूल पापण्या घट्ट आवळते, आईच्या खांद्यात तोंड खुपसते. डोळ्यांना पाणी येते, पण पू नसतो. याला जन्मजात काचबिंदू म्हणतात. उपाय मुख्यतः शस्त्रक्रियेचा आणि तो लवकर करण्याचा. उशीर झाला तर गेलेली दृष्टी परत मिळत नाही. नात्यातल्या लग्नांतून झालेल्या मुलांत हा रोग अधिक आढळतो. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. अशा घरांत बाळाचे टपोरे डोळे एकदा नेत्रतज्ज्ञाला दाखवून मगच कौतुक करावे.

दुसरी गोष्ट मेंदूची, आणि तीच आमची चुकलेली हकिकत.

आमच्याच एका हमालाचा मुलगा पाच महिन्यांचा होता. झोपेतून उठला की तो पापण्या मिचकावी, बुबुळे वर जात, मान पुढे झुके, दोन्ही हात फाकत. क्षणभर थांबे, पुन्हा तेच. असे दहा-पंधरा वेळा ओळीने, मग रडे. आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या. कोणी पोटात वात धरला म्हणाले. एका दवाखान्यात नेले तर तेथे तपासणीच्या पाच मिनिटांत मूल शांत होते. "काही नाही" असे सांगितले गेले. बापाने आम्हाला विचारले तेव्हा आम्ही गाड्यांचा हिशेब करत होतो. आम्ही म्हणालो, "लहान मुलं मिचकावतातच डोळे." दोन महिने गेले. मग त्याची आई म्हणाली, "हा आता हसत नाही." हसणारे मूल हसायचे थांबले, हे तिच्याशिवाय कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तेव्हा नगरला नेले. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख काढला आणि रोगाचे नाव कळले.

या रोगाचे पहिले वर्णन १८४१ साली इंग्लंडातल्या वेस्ट नावाच्या एका डॉक्टराने 'लॅन्सेट' साप्ताहिकात पत्र लिहून केले. वर्णन त्याच्या स्वतःच्या मुलाचे होते. सर्व उपाय थकले होते, आणि कोणी तरी असे दुसरे मूल पाहिले असेल तर सांगा, अशा आशेने बापाने लिहिलेले ते पत्र आहे. मान झुकण्याच्या त्या प्रकाराला तेव्हा आपल्याकडचा 'सलाम' हा शब्द लावला गेला. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. डॉक्टर असलेल्या बापालाही ज्याचा उलगडा होत नव्हता, तो रोग आम्ही एका वाक्यात निकालात काढला होता.

आज त्यावर औषधे आहेत. ती जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. म्हणून फरक ओळखता आला पाहिजे. तीन महिने ते एक वर्ष या वयात, विशेषतः झोपेतून उठताना, एकामागून एक ठरावीक अंतराने झटके; मिचकावण्याबरोबर बुबुळे वर जाणे, मान किंवा हात हलणे; आणि शिकलेले विसरणे. हाक मारली, हात धरला तरी ते थांबत नाही. साधे मिचकावणे खुळखुळा वाजवला की थांबते. पहिल्या महिन्यातल्या बाळाची आकडी तर याहूनही लपलेली असते: पापण्या फडफडतात, तोंड चोखल्यासारखे हलते, पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात, श्वास अडखळतो. रक्तातली साखर किंवा कॅल्शियम उतरल्याने, जन्मताना प्राणवायू कमी पडल्याने असे होऊ शकते. तेथे सकाळ उजाडेपर्यंत थांबू नये. १०८ ला फोन करावा.

चार-सहा वर्षांचा मुलगा एकाएकी डोळे मिचकावू लागतो, ती बहुधा सवय असते आणि काही आठवड्यांनी जाते. त्याला रागावले की ती वाढते. तरी डोळ्यांचा नंबर तेवढा तपासून घ्यावा.

दवाखान्यात मूल शांत असते, ही अडचण आता मोबाइलने सोडवली आहे. झटके येत असताना बाळाला उजेडात, अंगावरचे कपडे सैल करून, चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसतील असे दोन मिनिटे चित्रित करावे आणि डॉक्टरांपुढे तेच धरावे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करणारे पथक येते. ही योजना २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाली. पथकाच्या डॉक्टरांनाही ते चित्रण दाखवता येते. पुढच्या उपचारांसाठी ते जिल्ह्याला पाठवतात.

त्या मुलाचे झटके औषधाने थांबले. तो उशिरा चालला, आता शाळेत जातो, बोलतो थोडे. दोन महिने आधी नेले असते तर काय झाले असते, हे कोणी डॉक्टर सांगत नाही आणि त्याचा बाप आम्हाला विचारत नाही. लिलावाच्या दिवशी आता आमच्या कार्यालयाची मागची खोली बायकांना मुले निजवायला मोकळी असते. खिडकी बाजाराच्या उलट बाजूला आहे, धूळ तिकडे कमी येते. पहिली झोळी बांधली ती त्याच्याच आईने.