ठसा पुसला, शिक्का राहिला: ऑटोकॅडमधला ब्लॉक खरोखर कसा काढायचा

बसमध्ये, लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना कमांड लिहून घेता येत नाहीत, म्हणून या भागाचं हे लिखित रूप. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझं अडखळणं आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो. नोकरीचं दुसरं वर्ष, एक छोटं ऑफिस. नवीन काम आलं की आम्ही काय करायचो? जुन्या कामाची फाईल उघडायची, सगळं सिलेक्ट करून डिलीट मारायचं आणि त्याच फाईलमध्ये नवीन प्लॅन सुरू करायचा. लेयर तयार, टेक्स्ट स्टाईल तयार, वेळ वाचतो. तशीच एक फाईल मी एका कॉन्ट्रॅक्टरला मेल केली. संध्याकाळी त्यांचा फोन. "अहो, तुमच्या फाईलमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी आख्खा बंगला आहे. नाव, फोन नंबर, पत्ता, सगळंच दिसतंय की!"

मी म्हटलं, शक्यच नाही, मी स्वतः डिलीट केलंय. ते म्हणाले, "इन्सर्टमध्ये जाऊन बघा." बघितलं. होता. बेडरूम कुठे, मागचं दार कुठे, तिजोरीची खोली कुठे, सगळं जिथल्या तिथे. ज्या कुटुंबाचं ते घर, त्यांना याची कल्पनाही नव्हती. कॉन्ट्रॅक्टर भले माणूस होते, त्यांनी फाईल उडवली. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तर मग झालं काय होतं?

रबरी शिक्का डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कागदावर दहा ठिकाणी ठसे मारले. मग खोडरबर घेऊन दहाही ठसे पुसले. कागद कोरा झाला, पण शिक्का? तो ड्रॉवरमध्येच आहे. ऑटोकॅडमध्ये ब्लॉकचं अगदी असंच असतं. ड्रॉइंगमध्ये दिसतो तो ठसा, म्हणजे ब्लॉक रेफरन्स. फाईलच्या पोटात असतो तो शिक्का, म्हणजे ब्लॉक डेफिनिशन. डिलीट बटण किंवा इरेज कमांड फक्त ठसा पुसते. शिक्क्याला ती हातही लावत नाही.

ही सोय मुद्दाम केलेली आहे बरं का. हॉलमध्ये 200 खुर्च्या मांडल्या तरी खुर्चीच्या रेषा फाईलमध्ये एकदाच साठतात, बाकी प्रत्येक ठशाची फक्त जागा, आकारमान आणि कोन. म्हणून फाईल हलकी राहते. आणि म्हणूनच "काढायचाय ना, मग एक्सप्लोड करून डिलीट करू" हा उपाय चुकीचा आहे. एक्सप्लोड केल्यावर ठशाच्या सुट्या रेषा होतात, शिक्का तसाच राहतो. वर त्यात ॲट्रिब्यूट असतील, म्हणजे टायटल ब्लॉकमधलं नाव-तारीख वगैरे, तर भरलेली माहिती जाते आणि नुसते टॅग उरतात.

माझा बंगला ब्लॉक कसा काय झाला, हेही सांगतो. कुणीतरी तो दुसऱ्या फाईलमधून "पेस्ट ॲज ब्लॉक" केला होता. तसं केलं की ऑटोकॅड स्वतःच नाव ठेवतं, ए-डॉलर-सी आणि पुढे अक्षरं-आकड्यांची रांग. तुमच्या फाईलमध्ये अशी नावं दिसली तर समजा, कुणीतरी घाईत काम केलंय. टायटल ब्लॉकचं वेगळंच. जुन्या पार्टीचं नाव आणि नंबर ॲट्रिब्यूटची डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणून डेफिनिशनमध्येच लिहून ठेवले होते.

शिक्का फेकायची कमांड आहे पर्ज. आधी ठसे पुसा, मग पर्ज चालवा. जो ब्लॉक कुठेच वापरात नाही तोच यादीत येतो. खिडकीत "पर्ज नेस्टेड आयटम्स" असा एक चौकोन आहे, त्यावर टिक करा. कारण शिक्क्याच्या आत शिक्का असतो: बाथरूमच्या ब्लॉकमध्ये बेसिनचा ब्लॉक, त्यात नळाचा. टिक नसेल तर आधी बाथरूम निघतं, मग बेसिन, मग नळ, आणि तुम्ही आपले पुन्हा पुन्हा पर्ज मारत बसता.

आता खरी डोकेदुखी. ड्रॉइंग कोरं दिसतंय, तरी ब्लॉक पर्ज होत नाही. याचा अर्थ कुठेतरी ठसा लपलाय. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तो फ्रीझ केलेल्या लेयरवर असतो. सगळं सिलेक्ट करताना "ऑल" टाईप केलं तरी फ्रीझ आणि लॉक असलेल्या लेयरवरच्या वस्तू त्यात येत नाहीत. म्हणून आधी सगळे लेयर थॉ आणि अनलॉक करा. मग प्रत्येक लेआउट टॅब उघडून बघा, मॉडेलमध्ये पुसलेलं तिथे असू शकतं. तिसरी जागा म्हणजे दुसऱ्या ब्लॉकचं पोट. आणि चौथी कुणाच्या लक्षातच येत नाही: डायमेन्शन स्टाईल. बाणाच्या जागी तिरकी रेघ वापरली असेल तर तीही एक ब्लॉकच असते. तिच्या मागे लागू नका, ती निरुपद्रवी आहे.

ऑटोकॅड 2020 पासून पर्जच्या खिडकीत "फाइंड नॉन-पर्जेबल आयटम्स" हा भाग आलाय. अडलेला ब्लॉक निवडला की तो का अडलाय हे तिथे कळतं. आमच्या वेळी हे नव्हतं, हे सांगताना मी उगाच म्हातारा झाल्यासारखा वाटतो.

काही जण लेडेल वापरतात. लेयरच उडवला की प्रश्न मिटला! जरा जपून. लेडेल त्या लेयरवरच्या वस्तू सगळ्या ब्लॉकच्या आतूनही काढतं. दाराच्या ब्लॉकमधली अर्धी पट्टी गेलेली तुम्हाला प्रिंट काढल्यावर दिसेल.

ब्लॉक गेले, तरी फाईल जडच? मग मायनस चिन्ह लावून पर्ज टाईप करा, आर दाबा, नावाच्या जागी *, आणि शेवटी एन. याने रेगॲप्स निघतात, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी फाईलमध्ये सोडलेल्या नोंदी. कधीकधी त्या हजारोंनी साठलेल्या असतात.

एक मात्र ऐका. ऑफिसच्या टेम्प्लेट फाईलवर "पर्ज ऑल" मारू नका. तिथे न वापरलेले ब्लॉक मुद्दाम ठेवलेले असतात. मी एकदा मारलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी चार जणांनी येऊन विचारलं, "आपले दरवाजे कुठे गेले?" पर्ज अनडू होतं, पण फाईल बंद करेपर्यंतच. त्यामुळे आधी सेव्ह ॲज करून कॉपी बनवायची आणि बाहेर पाठवायची असेल तीच कॉपी साफ करायची.

आणि आख्खा फोल्डर झिप करून पाठवत असाल, तर त्यातली बॅक फाईल तेवढी काढा. सेव्ह केल्यावर आधीची आवृत्ती ऑटोकॅड तिच्यात ठेवतं. म्हणजे तुम्ही पर्ज केलेला बंगला तिथे अजून तसाच उभा असतो.