जनित्राचा धूर आणि जुनीं दप्तरें

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उमापूर हें गांव आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत असे. या बाजूस कोणाच्या माळ्यावर मोडी वा फारशी कागदांचा रुमाल निघाल्यास नवल नाहीं. वीज गेली कीं अशा गांवीं तेलावर चालणारें जनित्र सुरू होतें. त्याचा धूर शेजारच्या दप्तरास कितपत बाधतो, एवढेंच आम्हांस येथें संक्षेपानें सांगावयाचें आहे.

डीझेलच्या धुरांत कागदास बाधक असे पदार्थ मुख्यतः तीन: गंधकाचा वायु, नत्राचे वायु व काजळी. पहिले दोन कागदांत शिरून ओलाव्याशीं संयोग पावले म्हणजे आम्ल बनतें. त्यानें तंतू तुटून कागद ठिसूळ होतो. जुन्या हातकागदाचा लगदा बहुधा चुन्यांत मुरवीत. तो अंश शिल्लक असल्यास आम्लास अटकाव होतो. उलट, एकोणिसाव्या शतकांतील गिरणीच्या कागदास तुरटी व राळ यांची खळ असे, म्हणून तो मुळांतच आम्लयुक्त. सबब अधिक जुना कागद तोच अधिक नाजूक, हा समज आम्हांस सर्वस्वीं ग्राह्य वाटत नाहीं.

१ एप्रिल २०२० पासून पंपावरील डीझेलमध्यें गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० आहे. तत्पूर्वीं ती ५० होती. या हिशेबानें लिटरमागें गंधकवायु फार तर सुमारें ८३ मिलिग्रॅम निघे, तो आतां १७ वर आला. गंधकाचें भय ओसरलें. नत्रवायु व काजळी यांचें उरलें.

मोडी लेखनाची शाईहि दिव्याच्या काजळाचीच. तें काजळ डिंकांत घोटलेलें व स्वतः निरुपद्रवी, म्हणूनच अक्षर टिकलें. जनित्राच्या काजळीवर मात्र अर्धवट जळलेलें तेल व आम्लांश चिकटलेले असतात. ती ओल्या फडक्यानें पुसूं नये. कोरड्या मऊ कुंचल्यानें हलकेच झाडावी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्राप्रमाणें जनित्राच्या केव्हीए-क्षमतेच्या वर्गमूळाचा पांचवा हिस्सा, इतके मीटर धुराडें इमारतीहून उंच असावें: २५ केव्हीएस १ मीटर, १०० केव्हीएस २ मीटर. दप्तराच्या खोलीची खिडकी त्या बाजूस असल्यास जनित्र चालू असतां मिटावी. रुमाल काजळी अडवितो, वायु अडवीत नाहीं. यास्तव रुमाल घट्ट झांकणाच्या पेटींत ठेवावा, व गिरणी-कागदाच्या नकला आधीं करून घ्याव्या, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.