तंबूची जागा आणि रांगेचा न्याय

तंबू ठोकण्याच्या जागेवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला हवा, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. शंका रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की, वस्तू थोडी आणि मागणारे फार असले म्हणजे वाटप कसे करावे, हा आमच्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. मग ती वस्तू गिरणीतले काम असो, सणाची रजा असो, की डोंगरातली चार हात जमीन असो.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. १८६४ साली तेथील संघसरकारने योसेमिटीचे खोरे लोकांच्या विसाव्यासाठी म्हणून कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केले. १८७२ साली यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले. योसेमिटीच्या मूळ रहिवाशांना १८५१ साली बंदुकीच्या जोरावर हुसकावले होते, हेही विसरता कामा नये. पण तेव्हापासून 'ही जमीन सर्वांची' हे तत्त्व कायद्यात आले. ते प्रत्यक्षात कितपत आले, हे रात्रीच्या मुक्कामाला जागा कोणाला मिळते यावरून कळते.

तेथे मुक्कामाची सार्वजनिक जमीन मुख्यतः दोन प्रकारची. एक, उद्यानांतले आखलेले तळ : प्रत्येक जागेला क्रमांक, एक मेज, चुलीसाठी लोखंडी कडे आणि जवळ शौचकूप. यांना भाडे पडते व बहुधा आरक्षण लागते. दुसरी, राष्ट्रीय वनांची आणि संघसरकारच्या भूमी-खात्याची मोकळी जमीन. तेथे बहुतेक ठिकाणी भाडे नाही, आरक्षण नाही. तसेच नळ नाही, संडास नाही. मुक्कामाची मर्यादा सामान्यतः चौदा दिवसांची.

मोकळ्या जमिनीवर जागा आपणच पारखावी लागते. जमीन सपाट हवी, पण पाणी साचणारी नको. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू कधीही ठोकू नये. वर डोंगरात पाऊस झाला की खाली लख्ख ऊन असतानाही लोंढा येतो. डोक्यावर वाळलेल्या फांद्या नाहीत ना, हे पाहावे. ओढ्यातळ्यापासून दोनशे फूट, म्हणजे सुमारे सत्तर पावले, दूर राहावे. पूर्वी कोणी उतरलेली जागा असेल तर तीच घ्यावी; नवे गवत तुडवू नये. योसेमिटीत अस्वलांचा वावर असल्याने अन्नच नव्हे, तर साबण आणि दातांची पेस्टसुद्धा तळावरील लोखंडी पेटीत बंद करावी लागते. वास येणारी प्रत्येक वस्तू अस्वलाला अन्नच वाटते.

आता आरक्षण. योसेमिटीतील बहुतेक जागा सुमारे पाच महिने आधी, महिन्याच्या पंधरा तारखेला, तेथील सकाळी सात वाजता सरकारी संकेतस्थळावर खुल्या होतात. उन्हाळ्यातल्या चांगल्या जागा काही मिनिटांत संपतात. म्हणून हाताशी दोन-तीन पर्याय असावेत, शनिवार-रविवार टाळावा आणि रद्द झालेल्या जागा पुन्हा खुल्या होतात, त्यांवर लक्ष ठेवावे. ज्याच्या नावावर आरक्षण, त्याने ओळखपत्रासह हजर राहावे लागते. उन्हाळ्यात एका माणसाला उद्यानात एकंदर चौदाच रात्री मिळतात आणि त्यांपैकी मुख्य खोऱ्यात फार तर सातच. हा नियम आम्हाला फार आवडतो. शिधावाटपातला न्याय तो हाच.

पण एवढ्याने न्याय पुरा होत नाही. पाच महिन्यांनंतरची रजा आज कोणाला ठाऊक असते? ज्याची नोकरी कायमची आणि रजा हक्काची, त्याला. हॉटेलात भांडी घासणाऱ्याला पुढच्या आठवड्याची पाळीही ठाऊक नसते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाच उद्यानतळांची पाहणी झाली. आरक्षणाच्या जागांवर उतरणारे लोक, आधी येईल त्याला मिळणाऱ्या जागांवरील लोकांपेक्षा सरासरीने अधिक उत्पन्नाच्या वस्त्यांतले आढळले. तळ तोच, उद्यान तेच. फरक फक्त रांगेच्या पद्धतीचा.

मुंबईच्या गिरण्यांच्या दारात बदली कामगार पहाटे उभे राहत, तेव्हा आत कोणाला घ्यायचे हे जॉबरच्या मर्जीवर असे. १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली. तिच्यात उणिवा होत्या, पण मर्जीच्या जागी नियम आला. मात्र नियम करणाऱ्याने एवढे विचारलेच पाहिजे : हा नियम कोणाला पाळता येणार नाही?

आधी येईल त्याला जागा, हाही पुरा उपाय नव्हे. पेट्रोल जाळून तीनशे मैल जायचे आणि दारातून परतायचे, हे गरिबाला कसे परवडावे? म्हणून आम्हाला वाटते, काही जागा महिने आधी, काही आठवडाभर आधी, काही सोडतीने आणि थोड्या त्याच दिवशी येणाऱ्यासाठी, अशी वाटणी असावी. आपल्याकडेही गडांच्या पायथ्याशी आणि वनखात्याच्या जमिनींवर मुक्कामाला जाणाऱ्यांची गर्दी वाढते आहे. येथे नियम होतील तेव्हा हा प्रश्न आधी विचारला जावा. ज्याची रजा उद्याच मंजूर झाली आहे, त्यालाही उद्या रात्री तंबू ठोकायला जागा मिळाली, तरच ती जमीन सर्वांची.