ना मराठीची बहीण, ना कोरकूची : बुलढाण्याच्या निहालीचं कूळ सापडत का नाही?

वडनेर भोलजीहून नांदुरा गाठा आणि उत्तरेला जळगाव जामोदकडे वळा. तिथं सातपुड्याच्या पायथ्याच्या मोजक्या गावांत निहाली ही भाषा बोलली जाते. बोलणारे अंदाजे २,००० ते २,५००. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ती अजून नक्की बसलेली नाही.

भाषेचं कूळ शोधतात कसं? ऐतिहासिक भाषाविज्ञानाचे अभ्यासक आधी रोजचे शब्द बघतात. निहालीत दोन, तीन, चारला इरार, मोठो, नालो म्हणतात. कन्नडमध्ये एरडु, मूरु, नाल्कु. मग निहाली द्रविड का? तसंही नाही, कारण तिच्यातले ढीगभर शब्द शेजारच्या कोरकूचे आहेत आणि कोरकू मुंडा कुळातली. त्यात पाण्याला ‘जोप्पो’, डोळ्याला ‘जिकित’ असे शब्दही आहेत, ज्यांना कुठंच खात्रीची जोड मिळत नाही. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातले संस्कृतचे प्राध्यापक एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ साली निहालीवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या हिशेबानं असे शब्द जवळपास एक चतुर्थांश होते.

शब्द उसने घेता येतात, पण वाक्याची घडण तरी खरं सांगेल ना? इथंच गंमत आहे. आपण ‘येतो म्हणून सांगितलं’ असं म्हणतो. कन्नड माणूस त्याच जागी ‘अंत’ वापरतो, तोही ‘म्हणणे’ या क्रियापदातूनच आलेला. दोन भाषांची कुळं वेगळी, वाक्याची चाल मात्र एक. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलं, दोन्ही भाषा बोलल्या की असं होतं. मरे एमेनो यांनी १९५६ साली भारताला एक ‘भाषिक क्षेत्र’ म्हटलं ते यामुळेच. त्यामुळे मराठी, कोरकू आणि निहाली तिन्हींत क्रियापद शेवटी येतं, एवढ्यावरून नातं ठरत नाही.

म्हणून हे काम वर्षानुवर्षं चालतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले के. एस. नागराज यांचं कोरकूवरचं पुस्तक १९९९ सालचं, निहालीवरचं २०१४ सालचं. आधी शेजारीण नीट कळल्याशिवाय निहालीत उसनं काय आणि घरचं काय, हे वेगळं कसं काढणार?

वेळ मात्र कमी आहे. निहाली बोलणाऱ्यांना कोरकू, हिंदी, मराठीही येते आणि मुलांची शाळा मराठीत. जनगणनेत १०,००० पेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे वेगळे छापत नाहीत. त्यामुळे निहाली बोलणारे किती उरले, हे सरकारी तक्त्यातही सापडत नाही.