तगर नेमके कुठे?

दिवाळीला घरी आलेल्या संशोधक मुलाच्या वा मुलीच्या पानात चकलीच्या आधी एक प्रश्न वाढला जातो : "काय, प्रबंध कुठवर आला?" चार वर्षे झाली तरी ठाम उत्तर नाही, म्हणजे पोर वेळ काढते आहे, अशी वडीलधाऱ्यांची समजूत होते. त्यांनी धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाची हकीकत जरूर ऐकावी. हे आपल्या गोरोबाकाकांचेच तेर. कच्चे कोण नि पक्के कोण, हे थापटण्याने ठरविणाऱ्या संताचे!

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात दख्खनच्या दोन मोठ्या पेठा सांगितल्या आहेत. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. तगरचे जाडेभरडे कापड नि मलमल गाड्यांतून भडोचला जाई. पैठण तर जागच्या जागी होते. पण तगर कुठे? कोणी देवगिरी म्हणाले, कोणी कोल्हापूर. पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचविले, तर डॉ. रा. गो. भांडारकरांनी धारूर. ही काय ऐरीगैरी माणसे होती? पण हाती पुरावाच तुटपुंजा.

१९०१ साली फ्लीटसाहेबांनी तेरचे नाव पुढे केले. नगरचे 'नेर' होते, तसे तगरचे 'तेर'. पैठणहून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. भरल्या बैलगाडीला दहा दिवस लागावेत असेच. दिशा मात्र पूर्व नव्हे, आग्नेय! तेवढे खटकत असूनही हे मत टिकले, आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिले.

म्हणजे प्रश्न मिटला? छे, गुंता वाढला. तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवरून हजारो वस्तू हौसेने जमविल्या. गावातल्या संग्रहालयात त्या आज आहेत. त्यांतच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीत इ. स. ७९ मध्ये राखेखाली गडप झालेल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशाच घाटाची मूर्ती निघाली होती. मग तीही दख्खनच्याच कारागिराची काय? वरवर वेचलेली वस्तू कोणत्या थरातली, हे ती स्वतः सांगत नाही. तेव्हा संशोधकाला वहीत लिहावे लागते : दिसते इतके, अनुमान इतके, ठाऊक नाही इतके. हे तिसरे लिहिताना हात कचरतो, आणि चांगला मार्गदर्शक नेमका तिथेच आग्रह धरतो.

तेरचे त्रिविक्रम मंदिरच घ्या. विटांचे, मागून अर्धगोल. काहींच्या मते हा मुळात बौद्ध चैत्य, काहींच्या मते आरंभापासूनच हिंदू देऊळ. पूजेला याने काही अडत नाही. प्रबंधाला अडते. दोन्ही बाजू मांडायच्या, आपला कल कुठे नि का ते सांगायचे, आणि कोणता पुरावा निघाला तर तो बदलेल तेही लिहून ठेवायचे. तेवढ्या एका प्रकरणाला वर्ष सहज जाते.