सिंथ कुठला घेऊ? आधी पाच आवाज काढून बघा

हा भाग ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलच्या गर्दीत काही ऐकूच येत नसेल, तर तुमच्यासाठी तो लिहून काढलाय. बोललो तसाच आहे, फक्त थोडा आवरून.

बीट बनवायला नुकती सुरुवात केलेल्या मुलामुलींकडून मला एकच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. "दादा, सॉफ्टवेअर सिंथ कुठला चांगला?" आधी उत्तर देऊन टाकतो. माझे आवडते तीन आहेत: सर्ज एक्सटी, व्हायटल आणि डेक्स्ड. तिन्ही फुकट मिळतात, तेही कायदेशीर. तिन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. घाई असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

पण माझी आवड तुमच्या कामाची असेलच असं नाही. तुम्ही ड्रिल करताय, लघुपटाला पार्श्वसंगीत देताय की गणपतीसाठी डीजे ट्रॅक बनवताय, त्यावर सिंथ बदलतो. म्हणून नावांपेक्षा निवड कशी करायची, ते आज सांगतो.

सिंथ आत काय करतो?

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणून जे वाद्य उघडतं, तो सॉफ्टवेअर सिंथ. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली व्हीएसटी नावाची पद्धत आणली, १९९९ मध्ये त्यात वाद्यांचीही सोय झाली. तेव्हापासून जे काम करायला खोलीभर यंत्रं लागायची, ते लॅपटॉपवर होऊ लागलं.

बहुतेक सिंथमध्ये चार गोष्टी असतात. ऑसिलेटर मूळ आवाज तयार करतो. फिल्टर त्यातला काही भाग कापतो. एन्व्हलप ठरवतो की आवाज झटकन येणार की हळूहळू, आणि की सोडल्यावर किती वेळ रेंगाळणार. एलएफओ म्हणजे एक संथ लाट, ती यातल्या कुठल्याही गोष्टीला हलवत राहते. या चौघांची ओळख एकदा झाली की जगातला कुठलाही सिंथ उघडा, बटणांची जागा बदललेली दिसेल, काम तेच.

फरक पडतो तो मूळ आवाज कसा तयार होतो यात. तीन मुख्य पद्धती लक्षात ठेवा.

पहिली, वजाबाकीची. भरगच्च आवाज घ्यायचा आणि फिल्टरने नको ते कापायचं. जाड बेस, उबदार पॅड यातून पटकन निघतात. सर्ज एक्सटी इथे मस्त आहे, आणि खरं तर तो सगळंच थोडं थोडं करतो. त्यात ऑसिलेटरचे बारा प्रकार आहेत. एका पॅचमध्ये दोन 'सीन', प्रत्येकात तीन ऑसिलेटर. एक प्रकार तर तारेच्या वाद्याची नक्कल करतो, त्यातून तंबोऱ्यासारखा झंकार काढायला मजा येते.

दुसरी, वेव्हटेबलची. इथे एकाच लाटेऐवजी लाटांची अख्खी रांग असते आणि आवाज चालू असताना तुम्ही त्या रांगेतून पुढेमागे फिरता. डबस्टेपमधला तो गुरगुरणारा बेस आठवा. या प्रकारात विकतचा सिरम फार लोकप्रिय आहे. व्हायटल २०२० मध्ये आला, मॅट टायटल या एकाच माणसाने बनवलेला. त्याच्या फुकट आवृत्तीत प्रीसेट आणि वेव्हटेबल कमी मिळतात, पण आवाजाचं इंजिन विकतच्या आवृत्तीतलंच. शिकणाऱ्यासाठी त्याची मोठी सोय म्हणजे सगळं डोळ्यांना दिसतं. एलएफओ फिल्टरला हलवत असेल तर ते बटण तुमच्यासमोर हलताना दिसतं.

तिसरी, एफएम. एक लाट दुसऱ्या लाटेची फ्रिक्वेन्सी इतक्या वेगाने हलवते की तिसराच आवाज ऐकू येतो. जॉन चाउनिंग यांना हे १९६७ मध्ये स्टॅनफर्डला सापडलं. यामाहाने ते तंत्र घेतलं आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ बाजारात आला. डेक्स्ड म्हणजे त्याच डीएक्स-७ ची सॉफ्टवेअर नक्कल: सहा ऑपरेटर, ३२ जोडण्या. त्या काळातल्या खऱ्या डीएक्स-७ चे पॅचसुद्धा यात उघडतात. इलेक्ट्रिक पियानो, घंटा, झांज, काहीही धातूचं हवं असेल तर इथे या. एक युक्ती सांगतो. दोन लाटांचं प्रमाण १ ला २ किंवा १ ला ३ असं पूर्णांकात ठेवलं तर आवाज सुरात लागतो. १ ला १.४ केलं की लगेच घंटेसारखा वाजतो.

पाच आवाजांची परीक्षा

आता मुद्द्याचं. यूट्यूबवरचे डेमो बघून सिंथ निवडू नका. डेमोतला माणूस पंधरा वर्षं हेच करतोय, तो चमच्यातूनही बेस काढेल.

त्याऐवजी हे करा. सिंथ उघडा, 'इनिट' पॅच घ्या, म्हणजे कोरी पाटी. मोबाइलवर वीस मिनिटांचा टायमर लावा. प्रीसेटला हात लावायचा नाही. पाच आवाज काढायचे: एक बेस, एक पॅड, एक छेडल्यासारखा छोटा आवाज, एक लीड, आणि एक तालवाद्यासारखा ठोका.

वीस मिनिटांत तीन जमले तर सिंथ तुमच्याशी बोलतोय. पाचही जमले तर शोध थांबवा, हाच तुमचा. एकच जमला तर सिंथ वाईट ठरत नाही, त्याची मांडणी तुमच्या डोक्याशी जुळत नाही इतकंच. दुसरा उघडा. माझ्या बाबतीत व्हायटलमध्ये हात सगळ्यात झटपट चालतो, सर्जमध्ये थोडं शोधावं लागतं पण खोलवर जाता येतं, आणि डेक्स्ड मी घंटा-झांजेच्या पलीकडे फारसा वापरत नाही. आवडता म्हणजे सगळं येणारा असं नसतं. आपल्याला हवं ते ज्यातून चटकन निघतं, तो आवडता.

लॅपटॉपला झेपतंय का?

बऱ्याच जणांकडे जुना, चार किंवा आठ जीबी रॅमचा लॅपटॉप असतो. अशा वेळी एक हिशेब डोक्यात ठेवा. युनिझन नावाचं बटण एकाच सुराच्या अनेक प्रती किंचित बेसूर करून एकत्र वाजवतं, म्हणून आवाज मोठा वाटतो. समजा तीन ऑसिलेटर चालू आहेत, प्रत्येकाला युनिझन आठ, आणि तुम्ही चार सुरांची कॉर्ड दाबली. तीन गुणिले आठ गुणिले चार, म्हणजे ९६ आवाज एका बोटाच्या झटक्यात. त्यात आधीच्या कॉर्डची शेपटी अजून वाजत असेल तर ते वेगळेच. लॅपटॉप कुरकुरणारच.

चाचणी सोपी आहे. ज्या सिंथचा विचार करताय त्याचे चार ट्रॅक उघडा, चारही एकत्र वाजवा. आवाज तुटायला लागला तर युनिझन आठवरून तीनवर आणा. कानाला फरक थोडा पडतो, प्रोसेसरला खूप. तरी अडलं तर तयार झालेला ट्रॅक ऑडिओत बदलून टाका आणि सिंथ बंद करा. टाल-नॉइजमेकर नावाचा आणखी एक फुकट सिंथ आहे, एकदम हलका. जुन्या मशीनवर तोही बघा.

ऐकणारा फोनवर ऐकतो, हे विसरू नका

तुमचं गाणं बहुतेक लोक फोनच्या स्पीकरवरच ऐकणार. गाण्यातल्या खालच्या बेसचा सूर, समजा खालचा ई, ४१ हर्ट्झचा असतो. फोनचा इवलासा स्पीकर इतकं खाली वाजवूच शकत नाही. साधी गोल साइन लाट वापरून बेस केलात तर हेडफोनवर छाती हलेल आणि फोनवर बेस गायब.

पण ४१ च्या पटीतले वरचे सूर, म्हणजे ८२, १२३, १६४, २०५, २४६ आणि त्याच्याही वरचे, आवाजात असतील तर फोन त्यातले वरचे वाजवतो आणि आपला मेंदू खालचा सूर मनातल्या मनात भरून काढतो. म्हणून बेससाठी करवती, म्हणजे सॉ लाट घ्या, किंवा साइनवर थोडं डिस्टॉर्शन चढवा. सर्ज आणि व्हायटल दोन्हीत डिस्टॉर्शन आतच आहे. सिंथ निवडताना त्याचा बेस एकदा फोनवर पाठवून ऐका. फुकटची चाचणी, पण फार थोडे लोक करतात.

आपला सूर लागतो का?

शास्त्रीय ऐकणाऱ्या किंवा शिकणाऱ्या मंडळींसाठी हे खास. कीबोर्डवरचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात. त्यातला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. सा म्हणून मधला सी धरला, २६१.६ हर्ट्झ, तर नैसर्गिक गंधार येतो ३२७ ला आणि कीबोर्ड देतो ३२९.६. सा धरून ठेवा आणि त्यावर गंधार दाबा, वरच्या सुरांमध्ये सेकंदाला जवळपास दहा वेळा थरथर होईल. तंबोऱ्यावर गाणाऱ्याला ती लगेच खटकते.

सर्ज एक्सटी आणि व्हायटल दोन्हीत स्वरांतराची फाइल टाकून सूर हवे तसे लावता येतात. मींड हवी असेल तर आवाज एकसुरी ठेवा, म्हणजे मोनो, आणि ग्लाइड वाढवा. एक सूर दाबून ठेवत पुढचा दाबला की आवाज घसरत जातो. रागाच्या आधाराने काही करायचं असेल तर सिंथमध्ये या दोन सोयी आहेत का, ते आधी तपासा.

आणि पाच वर्षांनी उघडेल का?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या एका मित्राने लघुपटाला संगीत दिलं होतं. क्रॅक केलेले सहा-सात प्लगइन वापरून. आठ महिन्यांनी दिग्दर्शकाचा फोन आला: एका महोत्सवासाठी दोन मिनिटं कमी करायची आहेत, संगीतही तसं जुळवून दे. मधल्या काळात लॅपटॉप फॉरमॅट झाला होता. प्रोजेक्ट उघडलं तर निम्मे ट्रॅक मुके. ते क्रॅक परत मिळेनात, मिळाला तो उघडल्यावर अँटिव्हायरस ओरडायला लागलं. शेवटी दिग्दर्शकाने दुसऱ्याकडून काम करून घेतलं. पैसे गेले, नावही गेलं.

क्रॅक वापरू नका असं उपदेश म्हणून सांगत नाहीये. फुकटात इतकं चांगलं मिळत असताना स्वतःचं काम कशाला धोक्यात घालायचं? सर्जची गोष्टच बघा. तो आधी विकतचा सिंथ होता. २०१८ मध्ये बनवणाऱ्याने त्याचा सगळा कोड खुला केला आणि तेव्हापासून जगभरातले लोक मिळून तो सांभाळतात. अशा सिंथची कंपनी बंद पडली म्हणून तो नाहीसा होत नाही. तरीही एक सवय लावा: गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा ऑडिओ म्हणून काढून ठेवा. सिंथ कुठलाही असो, ऑडिओ फाइल उघडतेच.

तीन यंत्रं, दहा राग

"इतके कमी सिंथ पुरतील का?" असं वाटत असेल तर चरणजित सिंग यांचं नाव शोधा. मुंबईत हिंदी सिनेमासाठी वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग डिस्को बीटवर बसवून एक अल्बम काढला. मुख्य यंत्रं तीन, तिन्ही रोलँडची: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. हे टीबी-३०३ एकट्याने सराव करणाऱ्याला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून बनवलं होतं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय होती, आणि रागाला नेमकं तेच हवं असतं. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोहून त्याच यंत्राच्या आवाजावर ॲसिड हाउस निघालं. २०१० मध्ये सिंग यांचा अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा जगभरचे लोक चकित झाले की हे मुंबईत आधीच वाजून गेलंय. त्यांच्याकडे हजार प्रीसेट नव्हते. यंत्रं कमी होती आणि ती हाताखाली पक्की होती.

लॅपटॉपच नसेल तर?

वर सांगितलेले सिंथ फोनवर चालत नाहीत. आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट आहे आणि त्यात अल्केमी नावाचा चांगला सिंथ आहे. अँड्रॉइडवर एफएल स्टुडिओ मोबाइल आहे, विकतचा. वाजवताना ब्लूटूथ इयरफोन काढून वायरचे लावा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, ताल हाताला लागत नाही आणि आपल्यालाच येत नाही असं वाटत राहतं. पाच आवाजांची परीक्षा फोनवरही तशीच द्यायची.

तर या आठवड्याचं काम: एक सिंथ, वीस मिनिटं, पाच आवाज. त्यातला जमलेला एक आवाज घेऊन आठ मात्रांचा तुकडा बनवा आणि मला पाठवा. पुढच्या भागात तुमचे तुकडे वाजवू आणि फिल्टरवर सविस्तर बोलू. तोवर, ऐकत राहा, वाजवत राहा!