साखर जास्त, तरी मूत्रपिंड ती परत का घेते?
निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळपास सगळे रक्तात परत पाठवतात. त्यातले ९० टक्के काम 'एसजीएलटी-२' हे वाहक प्रथिन करते. मधुमेहात जादा साखर लघवीवाटे जायला हवी. पण टाइप-२ मधुमेहात ती परत घेण्याची क्षमता उलट वाढलेली आढळते! अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचे संकेत या प्रथिनाला जोर देतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हीच वाट अडवतात. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपल्यावर भारतात एम्पाग्लिफ्लोझिन बरीच स्वस्त झाली. मात्र कडक उपवासात किंवा उलट्या-जुलाबात गोळी सुरू राहिली, तर साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन साचू शकतात. साधा ग्लुकोमीटर ते दाखवत नाही. त्यामुळे निर्जळी एकादशीआधी गोळीबद्दल डॉक्टरांना विचारलेले बरे.